वरच्या खोलीतील रुळांच्या तळाबाबत

मी, खाली सही करणारी, दिवंगत बूटवाल्यांची पत्नी, राहणार याच घरात, वय पुरेसे, स्वतःच्या हाताने लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी माझ्या मुलीला विचारावे. ती म्हणेल, "आईचं डोकं जरा जास्तच ठिकाणावर आहे." हा कागद कोणीही माझ्याकडून दमदाटीने लिहून घेत नाही. वकीलबाई समोर बसून सारख्या घड्याळाकडे पाहतात, पण त्याला दबाव म्हणता येणार नाही. याआधी मी असा कागद केलेला नाही, आणि डॉक्टरांचा चेहरा पाहता पुन्हा करण्याची वेळ येईल असे वाटत नाही.

वकीलबाईंनी बजावले आहे की मृत्युपत्रात वस्तू लिहाव्यात, गोष्टी सांगू नयेत. मी म्हटले, आमच्या घरातली वस्तू गोष्टीसकटच उचलावी लागते. त्या म्हणाल्या, "मग निदान थोडक्यात." प्रयत्न करते. शाळेत मी फार गेले नाही. वाचायला शिकले ते दुकानात, नव्या बुटांत कोंबायच्या रद्दीवरून. बोळा उलगडायचा, वाचायचा, पुन्हा चुरगाळून बुटात भरायचा. त्यामुळे पुष्कळ बातम्यांचा शेवट मला अजून माहीत नाही. तो कोणाच्या तरी पायाबरोबर गेला. या कागदाचा शेवट मात्र मी स्वतः लिहिणार आहे.

कलम पहिले. घर. खालचा दुकानाचा गाळा, मधली राहती जागा, वरची खोली आणि या सगळ्यांना जोडणारा अरुंद जिना माझ्या मुलीला मिळावा. ती एकुलती एक असल्यामुळे यात भांडायला कोणी नाही. वरच्या खोलीबद्दल मात्र कलम चौथे वाचल्याशिवाय कोणीही कडीला हात लावू नये.

कलम दुसरे. बँकेत जे असेल ते मुलीलाच. जावयांनी त्यातून गाडी घेऊ नये असे मी लिहिणार होते. पण ते घेणारच, आणि "जरा हळू चालवा" म्हणायला मागच्या सीटवर मी नसेन, तेव्हा सुखाने घ्यावी.

कलम तिसरे. दुकानातली हत्यारे. लाकडी साचे, आऱ्या, हातोड्या आणि टाच ठोकायचे लोखंडी तिकाटणे आमच्या जुन्या कारागिराला द्यावे. यांच्या हाताखाली शिकून त्याने कोपऱ्यावर स्वतःचे दुकान काढले आणि आमची अर्धी गिऱ्हाइके घेऊन गेला. मी त्याच्याशी बरीच वर्षे बोलले नाही. हे मात्र रोज त्याच्या दुकानावरून जाताना काचेत डोकवायचे आणि घरी येऊन म्हणायचे, "त्याची टाच अजून बाहेर झुकते गं." जुने साचे मिळाले तर कदाचित टाच सरळ होईल. मी त्याला माफ केले आहे असे समजू नये. मला फक्त लोकांच्या पायांची काळजी आहे.

चामड्याची कड तासायची पातळ पात्याची रापी मात्र त्याला देऊ नये. ती वरच्या खोलीत आहे आणि तिथेच राहावी.

कलम चौथे. वरच्या खोलीत, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, कमरेइतक्या उंच लाकडी चौकटीवर एक रेल्वे आहे. इंजिन माझ्या तळहाताएवढे. दोन बोगदे, एक पूल, एक स्टेशन, आणि स्टेशनवर एक बाई उभी आहे जिच्या हातातली पिशवी यांनी माझ्या पिशवीच्या रंगाने रंगवली. मुलगी लहानपणी एकदा या सगळ्याला "बाबांचं खेळणं" म्हणाली, तेव्हा बाबा अख्खे जेवण गप्प जेवले. तेव्हापासून घरात तो शब्द बंद आहे.

ही रेल्वे खोलीच्या आत बांधलेली आहे. लोकांचे पाय दोन-दोनदा मापणाऱ्या माणसाने खोलीचे दार एकदाही मापले नाही. त्यामुळे ती अखंड बाहेर निघत नाही. ज्याला ती हवी त्याने इथे यावे लागेल, नाहीतर करवत लावावी लागेल.

आता रुळांच्या तळाविषयी. वाचणाऱ्याला हे क्षुल्लक वाटेल, पण या घरात दोन भावांमध्ये जे काही झाले ते याच्यावरून झाले, म्हणून लिहिणे भाग आहे. रूळ नुसते लाकडावर ठोकून चालत नाहीत. मधे काहीतरी हवे, जे आवाज पोटात घेईल आणि खऱ्या रेल्वेसारखे रूळ जमिनीपासून जरा उचलून धरेल. पुस्तकांत त्याला भारदस्त नावे आहेत. हे त्याला तळ म्हणत, बुटाला असतो तसा.

सुरुवातीला तळ नव्हताच. रूळ थेट प्लायवूडवर. वरच्या खोलीखाली माझे स्वयंपाकघर येते. पहिल्यांदा गाडी धावली तेव्हा वाटले, कोणीतरी पत्र्यावर सुके वाटाणे ओतते आहे. मी खालून ओरडले, "अहो, छत पडतंय का?"

वरून उत्तर आले, "नाही गं, पॅसेंजर आली."

मग यांनी बुटांच्या अस्तराचा नमदा घातला. आवाज गेला, पण त्याचे तंतू इंजिनाच्या चाकांत गुंतायचे. रोज संध्याकाळी चिमट्याने इंजिनाचे केस विंचरत बसायचे. मग बुटात घालायच्या गादीचा फोम. त्याच्यावरून गाडी अशी डुलत जायची की स्टेशनवरच्या बाईला उलटी होईल असे वाटायचे. मग थर्मोकोल. डोंगर, चढ, वळण, सगळे थर्मोकोलचे कापले, फार सुंदर कापले, आणि चिकटवायला हातात आले ते आयुष्यभर हातात येत होते तेच: बूट चिकटवायचे सोल्यूशन. ते थर्मोकोलला खाते. मी चहा घेऊन वर गेले तर हे हात बाजूला धरून उभे, आणि समोर डोंगर खाली बसत चाललेला. म्हणाले, "बघ, झीज होतेय." मी म्हटले, "लाखो वर्षं लागतात म्हणे त्याला. तुम्ही चहा थंड व्हायच्या आत केलीत."

शेवटी कॉर्क आले. बुटाच्या आतल्या तळाचे, दुकानातलेच. यांनी पट्ट्या कापल्या, प्रत्येक पट्टी मधोमध उभी चिरली म्हणजे वळणावर नीट वळते, आणि रापीने कडा तिरप्या तासल्या. ते तासणे पाहण्यासारखे असे. कॉर्कवरून गाडी गेली तेव्हा मला खाली काहीच ऐकू आले नाही, मी हाक मारून विचारले, "बंद पडली का?"

"धावतेय!" हे म्हणाले. इतक्या आनंदाने त्यांनी लग्नाला होकार दिला नव्हता.

आता माझे दीर. हे यांचे धाकटे भाऊ. आयुष्य खऱ्या रेल्वेत गेले, रुळांच्या देखभालीवर. रोज मैलोगणती रूळ पायी तपासत जाणारा माणूस. त्यांना दादांची रेल्वे मनापासून आवडायची, आणि ती चुकीची आहे हेही मनापासून वाटायचे. "दादा, रुळाखाली खडी असते. खडी! पाणी निघून जातं, वजन पसरतं. कॉर्क काय? बाटलीला लाव."

"माझ्या गाडीवर पाऊस पडत नाही रे लहान्या," हे म्हणायचे. "आणि वजन तुझ्या मिशीइतकं."

एका रविवारी भाऊजी जेवणाच्या डब्यात खऱ्या रुळांखालची खडी घेऊन आले. घरी कुटून बारीक केलेली. माझी चहाची गाळणी घेऊन ती चाळली. ती गाळणी मला परत मिळालेली नाही. तिचा विचार पुढे केला आहे. पुलापासून बोगद्यातून थेट स्टेशनपर्यंत त्यांनी कॉर्क उचकटून खडीचा तळ केला, पांढरा सरस ओतला, आणि दिसायला, खरे सांगायचे तर, हुबेहूब झाले. हे सुद्धा वाकून वाकून पाहत होते. मग गाडी सोडली. खडीवर येताच इंजिन गुरगुरले, अडखळले आणि थांबले. उलटे करून पाहिले तर पोटाला बारीक खडे चिकटलेले. इंजिनाच्या मोटारीत चुंबक असते, आणि त्या दगडात लोखंडाचा अंश होता. जे कण सरसात नीट बसले नव्हते ते सगळे उडून मोटारीत गेले होते.

हे हसले. वाईट हेतू नव्हता, पण फार वेळ हसले. मीही हसले असते, पण मी भाऊजींचे कान पाहिले होते. ते लाल झाले होते.

"डोंगर वितळवणाऱ्यानं हसू नये," भाऊजी म्हणाले.

"बुटात खडा गेला की माणूस लंगडतो. हे मला कळतं, तुझ्या खात्याला कळत नाही."

"बूट आणि रूळ एकच समजतोस, म्हणून तुझी गाडी घसरते."

"घसरते ना? मग वर येऊ नकोस."

आणि ते पुन्हा वर आले नाहीत. इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. माझे दीर रागीट नाहीत. ते आज्ञाधारक आहेत. खात्यात दिलेला हुकूम लेखी मागे घेतला जात नाही तोवर पाळायचा, अशी त्यांची हाडीमाशी खिळलेली सवय. दादा म्हणाला वर येऊ नकोस, तर नाही आले. घरी यायचे, मधल्या मजल्यावर बसायचे, दादाशी हवापाण्यावर, दुखण्यांवर, माझ्या स्वयंपाकावर बोलायचे. जिन्याकडे पाठ करून बसायचे.

आणि हेही कमी नव्हते. लहान्याला वर बोलावणे म्हणजे खडीला मान देणे, असे यांच्या डोक्यात बसले. पण त्यांनी एक केले. खडीचा सगळा तळ काढून पुन्हा कॉर्क घातले, फक्त बोगद्याच्या तोंडापासून स्टेशनपर्यंतची हातभर जागा मोकळी सोडली. तिथे तळ नाही, रूळही नाहीत. मी विचारले, "हे कधी करणार?" म्हणाले, "तो लहान्याचा तुकडा आहे." त्या जागेच्या अलीकडे एक छोटासा लाल सिग्नल लावला. तेव्हापासून गाडी बोगद्यातून बाहेर येते, सिग्नलपाशी थांबते, आणि उलट्या पावली सगळा रस्ता मागे जाते. स्टेशनवरची बाई पिशवी घेऊन उभीच आहे. पाहुण्यांनी विचारले तर हे सांगायचे, "काम चालू आहे."

मग हे गेले.

त्याबद्दल मी इथे फार लिहिणार नाही. वकीलबाई म्हणतात तशी ती वस्तू नाही, आणि कोणाला देताही येत नाही.

यांच्यानंतर मी ती पुस्तके वाचायला घेतली. यांची वरची पुस्तके, मग ग्रंथालयातली, शब्दकोश मांडीवर घेऊन. आधी कारण एवढेच होते की त्यांच्या हाताचे डाग असलेली पाने उलटायला मिळत. पुढे विषयच आवडू लागला. गाडी पडून राहिली तर मोटार धरते, म्हणून दर रविवारी मी वर जाऊन ती चालवते. कॉर्क वर्षांनी कोरडे पडते, कडेने उचलले जाते. तेवढा भाग कापून मी नवा घालते. रापी मला आता यांच्याइतकी नाही, पण कारागिरापेक्षा बरी चालवता येते. ती हातभर जागा मला भरता आली नसती असे नाही. पण तो तुकडा माझ्या नावचा नव्हता.

दर रविवारी भाऊजीही येतात. जिन्याच्या पायथ्याशी खुर्ची ओढून बसतात, पेपर उघडतात. मी वर गाडी सोडते, आणि पेपराआडून आवाज येतो.

"वहिनी, दुसऱ्या वळणावर कॉर्क उचललंय."

"तुम्हाला कसं कळलं?"

"टकटक होतेय. कान आहेत मला."

"मग डोळे घेऊन वर या आणि दाखवा कुठे ते."

"मला काय करायचंय? आणि माझे गुडघे."

हे तेच गुडघे, जे रोज सकाळी टेकडीवर फिरायला जाऊन येतात आणि रस्त्यात भेटेल त्याला किती चढलो ते सांगतात. वळणावर मी वाकून पाहते. कॉर्क उचललेले असते. दर वेळी बरोबर. इतके लक्षपूर्वक तर हेही माझे ऐकत नसत.

यंदा आजार कळल्यावर मी भाऊजींना सरळ विचारले, "वरची रेल्वे तुमच्या नावावर करू का?"

"छे. त्या खेळण्याशी माझा काही संबंध नाही." बंद असलेला शब्द त्यांनी मुद्दाम वापरला. मी पुन्हा दोन वेगवेगळ्या रविवारी विचारले. उत्तर तेच, फक्त दर वेळी पेपर थोडा वर जायचा.

मुलीशी फोनवर बोलले. ती म्हणाली, "आई, काका घेणार असतील तर वरची खोली कायम त्यांची. मी किल्लीसुद्धा मागणार नाही. पण कोणीच नसेल तर मी इतक्या लांबून तुझ्या घराचं काय करू? भाड्यानं देताना ती खोली रिकामी करावीच लागेल." मग म्हणाली, "करवत चालेल तेव्हा मी तिथं थांबणार नाही, एवढं आताच सांगते." ती चुकीचे बोलत नाही. म्हणून पुढीलप्रमाणे ठरवते.

(अ) माझ्या दिवंगत पतीने आपल्या धाकट्या भावास दिलेला "वर येऊ नकोस" हा हुकूम मी, त्यांची वारस या नात्याने, या लेखाद्वारे मागे घेते. असा हुकूम वारसाला मागे घेता येतो का, हे वकीलबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, कायद्यात याबद्दल काही नाही. नाही म्हणजे मनाईही नाही.

(आ) माझ्या हयातीत माझ्या दिरांनी स्वतःहून हो म्हटले, तर रेल्वे, रापी, कॉर्कचा साठा आणि वरची खोली त्यांच्या हयातभर वापरण्याचा हक्क त्यांना मिळावा. बोगदा ते स्टेशन या हातभर जागेत तळ कशाचा घालायचा हे सर्वस्वी त्यांनी ठरवावे. त्यात कोणी नाक खुपसू नये. माझे मत कोणी विचारलेले नाही, म्हणून लिहून ठेवते: खाली कॉर्क, मधोमध चिरलेले, चीर बरोबर दोन रुळांच्या मध्यावर यावी आणि एका बाजूचा जोड दुसऱ्या बाजूच्या जोडासमोर येऊ नये. चिकटवायला सुताराचा पांढरा सरस, पातळ करून. बुटाचे सोल्यूशन खोलीत आणू नये. कडेने खडी खुशाल घालावी, मलाही ती दिसायला आवडते, पण आधी तिच्यावरून चुंबक फिरवावे. आणि खडीवर सरस अगदी तळापर्यंत जिरवू नये. तो वाळून दगड झाला की खालचे कॉर्क असून नसल्यासारखे होते, आणि खालच्या स्वयंपाकघरात पुन्हा वाटाणे पडू लागतात.

(इ) त्यांनी हो म्हटले नाही, तर रेल्वे करवतीने कापून काढावी. इंजिन आणि पिशवीवाली बाई मुलीने ठेवावी. बाकीचे कोणाला द्यायचे ते तिने ठरवावे.

आज, हे लिहीत असताना, (इ) लागू आहे.

कलम पाचवे. माझी पुस्तके ग्रंथालयाला. ग्रंथपालबाई म्हणतील, जागा नाही. त्यांनी मागच्या बाजूचे रिकामे कपाट मला स्वतः दाखवलेले आहे, हे त्यांना आठवण करून द्यावे.

कलम सहावे. चहाची गाळणी. ती भाऊजींकडे आहे हे मला माहीत आहे. ती त्यांना बहाल करते, म्हणजे निदान उसनी म्हणता येणार नाही.

कलम सातवे. माझ्या अखेरच्या वेळी भाषणे करू नयेत. पायात मला यांनी शिवलेले तपकिरी बूट घालावेत, कपाटात खाली आहेत. माझे डावे पाऊल उजव्यापेक्षा थोडे मोठे आहे. हे जगात दोघांनाच माहीत होते, कारण बाजारातले बूट मला कधी बसले नाहीत आणि यांनी शिवलेले कधी चावले नाहीत. या बुटांना आत कॉर्कचा तळ आहे. पायाचा ठसा त्यात उतरला आहे, दोन्हींचा वेगवेगळा.

पुरवणी, सहीच्या दिवशी लिहिलेली.

वरचा मजकूर पुरा झाल्यावर दोन साक्षीदार हवे होते. एक शेजारच्या शिंपीणबाई. दुसरे म्हणून मी दिरांचे नाव घातले. वकीलबाईंनी विचारले, "त्यांना यातून काही देत नाही ना? साक्षीदाराला त्याच कागदातून काही घेता येत नाही." मी म्हटले, "त्यांना काही नकोच आहे, असं ते स्वतःच सांगतात."

आज सगळे स्वयंपाकघरात जमलो. साक्षीदाराने फक्त सही पाहायची असते, मजकूर वाचायची गरज नसते. पण भाऊजींनी न वाचता आयुष्यात कशावरच सही केलेली नाही. त्यांनी कागद ओढून घेतला, पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. कारागिराच्या कलमावर मिशीत हसले. चौथ्यावर आले आणि तिथेच राहिले. शिंपीणबाईंचा चहा संपला. वकीलबाईंनी घड्याळ पाहिले नाही, हे मी नमूद करते.

मग भाऊजींनी पेनाचे टोपण काढले, आणि वकीलबाई आपल्या कामाप्रमाणे बोलल्या, "एक सांगायचं राहिलं. तुम्ही इथे सही केलीत, तर (आ) प्रमाणे तुम्हाला पुढे काही मिळायचं नाही. मग हो म्हणा की नाही म्हणा."

"म्हणजे?"

"म्हणजे मग (इ)च, करवत," वकीलबाई म्हणाल्या.

भाऊजींनी माझ्याकडे पाहिले. मी कपबश्या उचलत होते.

त्यांनी टोपण परत लावले. "माझा चष्मा घरी राहिला."

"डोळ्यांवर आहे, भाऊजी."

"हा लांबचा आहे."

"मग इतका वेळ वाचत काय होतात?"

त्यांनी पेन टेबलावर ठेवले, सरळ केले, पुन्हा सरळ केले. मग टेबलाकडे बघतच म्हणाले, "स्टेशनजवळ फोम चालणार नाही. गाडी हळू असते तिथं, डुललेली दिसते."

"मग काय घालता?"

"बघितल्याशिवाय कसं सांगू?"

"मग बघा की. हुकूम मागे घेतलाय, वाचलंत ना?"

तेव्हा त्यांनी वकीलबाईंना विचारले, "हा कागद लागू कधी होतो?"

"यांच्या पश्चात," वकीलबाई म्हणाल्या, आणि म्हणून झाल्यावर ओठ चावला.

"म्हणजे वहिनी आहेत तोवर हुकूम कायम," भाऊजी म्हणाले. ते थट्टा करत नव्हते. "आणि मला, वहिनी, तुमच्या पश्चात वर जायचं नाही."

जवळ दुसरा कागद नव्हता. औषधांच्या बिलाच्या पाठीवर मी लिहिले: "हुकूम आजपासून रद्द. वर यावे." खाली सही केली, तारीख घातली. भाऊजींनी ते दोनदा वाचले, लांबच्या चष्म्यातून, घडी घालून वरच्या खिशात ठेवले, आणि जिना चढून गेले. गुडघ्यांचे नाव कोणी काढले नाही. वर दार उघडल्याचा आवाज झाला. मग हाक आली, "वहिनी, ही बाई कधीपासून उभी आहे इथं?"

"तुम्ही खाली बसल्यापासून," मी सांगितले.

शिंपीणबाई नाक पुसू लागल्या. त्यांना रडायचे कारण विचारले तर म्हणाल्या, चहा तिखट होता.

त्यांचे वर जाणे हेच मी "हो" धरते. सबब, कलम चौथे (आ) लागू झाले आहे. (इ) मी आडवी रेघ मारून रद्द केली आहे. वकीलबाई म्हणतात, खाडाखोड नको, स्वच्छ प्रत काढू. मी नकार दिला आहे. ही खाडाखोड मला हवी आहे. मुलीला फोन करून सांगितले, ती म्हणाली, "करवत मी आणलीच नव्हती गं."

या लेखातील सर्व मजकूर माझा आहे, वाचून पाहिला आहे, आणि माझ्या इच्छेप्रमाणे आहे. माझ्या हयातीत यात बदल करण्याचा हक्क मी राखून ठेवते, पण करणार नाही.

ठिकाण: स्वयंपाकघरातील टेबल.
दिनांक: आजचा, रविवार, दुपार.

सही: (बूटवाल्यांची पत्नी)

साक्षीदार:

१. शेजारच्या शिंपीणबाई. सही केली.

२. ~~माझे दीर.~~ नाव खोडले. कारण: लाभार्थी. सध्या वर आहेत.

३. वरील दोनच्या जागी, समोरचे औषधवाले, दुकान उघडे टाकून आलेले. सही केली.